डेडलाइन : एका शब्दाचा शब्दशः अर्थ

१८६४ साल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आहे. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, अँडरसनव्हिल इथे, पाइनचे ओंडके उभे रोवून एक तट बांधला जातो. उत्तरेचे पकडलेले सैनिक ठेवायला. सोय १०,००० माणसांची. ऑगस्टमध्ये आत ३०,०००हून जास्त.

तटाच्या आत साधारण १९ फुटांवर एक बुटकं कुंपण होतं. खुंट्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या, एवढंच. कैदी पलीकडे गेला की मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी घालायची. या कुंपणाला म्हणत डेडलाइन. मरणाची रेषा.

कैद्यांच्या या तळातून एक ओढा वाहायचा. हजारो माणसांची घाण त्यातच जायची. त्यातल्या त्यात बरं पाणी मिळे ते ओढा तटाखालून आत शिरतो तिथे, म्हणजे नेमकं डेडलाइनला लागून. त्या पाण्यासाठी हात लांबवणारे मारले गेले.

युद्धानंतर तुरुंगप्रमुख कॅप्टन हेन्री वर्झवर लष्करी आयोगापुढे खटला चालला. आरोपपत्रात म्हटलं होतं, की बऱ्याच ठिकाणी ही रेषा काल्पनिक होती. मला या सगळ्यात हेच सर्वांत भयंकर वाटतं. फळी नाही, खुंटी नाही. रेषा पहारेकऱ्याच्या मनात, आणि ती ओळखायची कैद्याने. १० नोव्हेंबर १८६५ रोजी वर्झला फाशी झाली. या तळावर सुमारे १३,००० कैदी मेले, बहुतेक हगवणीने, स्कर्व्हीने आणि उपासमारीने. आणि हेही सांगायला हवं, की अशा रेषा उत्तरेच्या तुरुंगांतही आखलेल्या होत्या.

पुढे हा शब्द छापखान्यात भेटतो. छपाईयंत्राच्या पाट्यावर एक खूण असे. तिच्यापलीकडे लावलेले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, नीट उमटत नसत. तीही डेडलाइनच. मग १९२०च्या सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांत शब्दाने जमीन सोडली आणि घड्याळ धरलं. मजकूर अमुक वाजेपर्यंत आला तर अंकात, नाही तर नाही.

लाक्षणिक अर्थ रूढ झाला तो हा. त्यात दुसऱ्याने आखलेली हद्द तशीच राहिली, मरण मात्र माणसावरून बातमीवर गेलं. वृत्तपत्रांतून शब्द कचेऱ्यांत आणि वर्गांत पोचला, आणि तिथे तर डेडलाइन वाढवूनही मागता येते.