फॉस्फरसची गोळी घासाबरोबर

डायलिसिसवरच्या पेशंटच्या घरात क्रिएटिनीनचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) विचारला की फाइल चाळावी लागते. दिंडोरीहून नाशिकच्या या सेंटरवर येणाऱ्या मावशींच्या फाइलमध्ये तो हजाराच्या वर आहे. निरोगी माणसात तो साधारण १५ ते ६५ असतो. डायलिसिसवर त्यातल्या वरच्या आकड्याच्या दुप्पट ते नऊपट चालवून घेतात.

मावशींना आकड्याचं काही नाही. त्यांना रात्रभर खाज सुटते आणि एसटीतून उतरताना कमरेत कळ येते.

थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. (त्या पहिल्यांदा नोंदल्या गेल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्यात!) किडनी थकली की फॉस्फरस साठतो, ड जीवनसत्त्व कामाचं होत नाही, कॅल्शियम उतरतं. ते भरून काढायला ग्रंथी पीटीएच सोडत राहतात आणि हाडांतलं कॅल्शियम उपसलं जातं. वर्षानुवर्षं असं चाललं की ग्रंथीच फुगतात.

मशीन फॉस्फरस काढत नाही का? काढतं. पण चार तासांत साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम. तेवढा तर रोजच्या जेवणातूनच येतो, त्यातला निम्म्याहून अधिक अंगात मुरतो, आणि मावशी मशीनवर येतात आठवड्यातून दोनदा.

म्हणून सेवेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट. ही गोळी अन्नातलाच फॉस्फरस पोटात धरून ठेवते. मावशी ती सकाळी उपाशीपोटी, बीपीच्या गोळीबरोबर घ्यायच्या; म्हणजे फुकटच. आता सून पाकीट डब्याच्या झाकणालाच चिकटवते.

‘डाळ बंद’ हा सल्ला आमच्या मते अर्धवट आहे. मटकी-डाळीतला फॉस्फरस शरीर कमी शोषतं. कोला आणि प्रोसेस्ड चीजमध्ये वरून घातलेला जवळजवळ सगळा. मिसळीत जास्त नडतं ते फरसाणाचं मीठ आणि त्यावर प्यायलेलं पाणी.

एवढ्यानं भागलं नाही तर कॅल्सिट्रिऑल, पॅरिकॅल्सिटॉल, म्हणजे थेट कामाला येणारं ड जीवनसत्त्व किंवा त्याच्यासारखं औषध. नाहीतर सिनाकॅल्सेट, जी ग्रंथीला कॅल्शियम भरपूर असल्याचं भासवते. तिनं मळमळतं, कॅल्शियम फार उतरलं तर ओठांभोवती मुंग्या येतात.

औषधांना दाद मिळालीच नाही तर ऑपरेशन. साडेतीन ग्रंथी काढतात, किंवा चारही काढून एकीचे तुकडे हाताच्या स्नायूत बसवतात, फिस्च्युला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हातात. त्यानंतर भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढतात, म्हणून काही दिवस सलाइनमधून कॅल्शियम आणि वारंवार रक्ततपासणी.

मावशींचं ऑपरेशन तूर्त लांबलंय. कॅल्शियम बघून त्यांना सिनाकॅल्सेट सुरू केली आहे, ३० मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणाबरोबर. पुढच्या आठवड्यात पुन्हा कॅल्शियम, महिन्याभरानं पीटीएच.