आधी आईच्या लेकी

श्रोतेहो, नमस्कार.

कलकत्त्याजवळच्या दक्षिणेश्वरला जाऊन आलेली माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. कालीमातेचं दर्शन घ्यायचं, रामकृष्णांची खोली बघायची, पंचवटीपाशी घटकाभर टेकायचं आणि घाटावरून नावेत बसून पलीकडे रामकृष्ण संघाचा बेलूर मठ गाठायचा, असा तो ठरलेला फेरा. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. त्याच दक्षिणेश्वरात, मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, गंगेच्या काठी बायकांचा मठ आहे, हे मला घरी परत आल्यावर कळलं. फार हळहळ वाटली.

बायकांचा मठ म्हणजे बायकांसाठी कुणीतरी काढून दिलेला आश्रम नव्हे. तिथली अध्यक्ष बाई, मंत्रदीक्षा देणारी बाई, संन्यास देणारी बाई, आणि जमाखर्चावर सही करणारीही बाईच. नाव श्रीसारदा मठ. रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी, त्यांच्या नावाचा. या मठाच्या पहिल्या अध्यक्ष प्रव्राजिका भारतीप्राणा. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

'प्रव्राजिका' हा शब्द जिभेला जरा जडच. घर सोडून निघालेली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे जोगीण आहे, बैरागीण आहे, पण त्या शब्दांना कुठेतरी बिचारेपणा चिकटलाय. नवऱ्यानं टाकलेली असेल, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला असेल, असं ऐकणाऱ्याच्या मनात येतंच. पुरुष भगव्यात दिसला की आपण वाकून नमस्कार करतो. बाई भगव्यात दिसली की आधी विचारतो, हिचं काय झालं?

गोष्ट सुरू होते 1894 साली, आणि तीही अमेरिकेत. शिकागोची परिषद होऊन गेलेली. विवेकानंद तिथून आपल्या गुरुबंधूंना पत्रं लिहीत होते. शिवानंदांना लिहिलेल्या एका पत्रात ते म्हणतात की, आधी मठ व्हायला हवा तो माताजींचा, म्हणजे सारदादेवींचा. आधी आई आणि आईच्या लेकी, मग बाप आणि बापाचे लेक. तेव्हा बेलूर मठाचाही पत्ता नव्हता. गुरुबंधू एका भाड्याच्या घरात कसेबसे दिवस काढत होते. अशा वेळी हा माणूस सातासमुद्रापलीकडून सांगतोय की आधी बायकांचं बघा! पुढे बेलूर मठाची नियमावली तयार झाली, तिच्यातही स्त्रियांच्या मठाची सोय लिहिली गेली. पण 1902 साली विवेकानंद गेले आणि ते कलम कागदावरच राहिलं.

का राहिलं? मला वाटतं, यात नुसती पुरुषांची अनास्था नव्हती. त्या काळच्या बंगालात आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं होत होती, अकराव्या वर्षी विधवा होत होत्या. संन्यास घ्यायचा तर घेणारी आधी स्वतःच्या मर्जीची मालकीण हवी. म्हणून पहिली विटेची ओळ वेगळ्याच ठिकाणी रचली गेली. 13 नोव्हेंबर 1898 रोजी, कालीपूजेच्या दिवशी, कलकत्त्याच्या बागबाजारात भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा काढली आणि सारदादेवींनी स्वतः येऊन तिला आशीर्वाद दिला.

आता योगायोग बघा. ज्या 1894 साली ते पत्र लिहिलं गेलं, त्याच साली हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तिपाडा गावात एक मुलगी जन्माला आली. तिचं नाव पारुल. रीतीप्रमाणे लहानपणीच लग्न लावून दिलेलं. पण ही निवेदितांच्या शाळेत शिकलेली. सासरी नांदायला जायची वेळ आली तेव्हा तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. शाळेचा सारा भार वाहणाऱ्या सुधीरादेवींनी तिला आधार दिला. पारुल घरातून निघाली ती कायमची. शोधणाऱ्यांना माग लागू नये म्हणून नावही बदललं. पारुलची सरला झाली.

सरलाबाईंनी पुढे काय शिकावं? नर्सिंग. वरच्या जातीतल्या मुलीनं परक्याची मलमूत्रं काढायची, ही गोष्ट तेव्हा संन्यासाइतकीच अब्रह्मण्यम् होती! पण पुढची सगळी वर्षं हेच शिक्षण उपयोगी पडलं. 1919 साली सारदादेवींची भाची राधू हिचं बाळंतपण कोआलपाडा या खेड्यात झालं, तेव्हा सरलाबाई तिथे होत्या. आणि 1920 साली बागबाजारातल्या 'उद्बोधन' मासिकाच्या घरात सारदादेवी शेवटच्या दुखण्यात होत्या, तेव्हा उशापाशी सरलाबाईच.

त्या दिवसांची एक आठवण मला फार आवडते. आजारानं कावलेल्या सारदादेवी एकदा सरलाबाईंवर चिडल्या. तुला दोनच गोष्टी येतात, म्हणाल्या, 'माँ, खा' म्हणायचं आणि काखेत ती काडी खुपसायची. काडी म्हणजे थर्मामीटर. तुझ्या हातून मी खाणारच नाही, म्हणून हट्ट. शेवटी रामकृष्णांचे शिष्य सारदानंद स्वामी यांना बोलावून आणावं लागलं. ज्यांना हजारो लोक जगन्माता म्हणत, त्यांचा हा त्रागा. ज्यांनी ज्यांनी घरात म्हाताऱ्या माणसाचं दुखणं काढलंय, त्यांना ही काडी आणि तो हट्ट लगेच ओळखू येईल. 21 जुलै 1920 रोजी सारदादेवी गेल्या. त्याच वर्षी सुधीरादेवीही धावत्या गाडीतून पडून गेल्या. सव्वीस वर्षांच्या सरलाबाईंचे दोन्ही आधार एकाच सालात सुटले.

1927 साली सारदानंदांनी देह ठेवण्याआधी सरलाबाईंना संन्यास दिला. नाव मिळालं श्रीभारती. हा संन्यास कौल, म्हणजे तांत्रिक परंपरेतला होता. असं का, ते समजून घ्यायला हवं. वैदिक संन्यास म्हणजे नुसतं भगवं नेसणं नव्हे. त्यात विरजाहोम असतो, वेदमंत्र असतात, स्वतःचं श्राद्ध स्वतः जिवंतपणी घालायचं असतं. ज्या अग्नीपुढे बाईनं नवऱ्याच्या हाताला हात लावून बसायचं, त्याच अग्नीपुढे तिनं एकटीनं बसायला परंपरेची मुभा नव्हती. तंत्रमार्ग याबाबतीत जास्त उदार. तेव्हा जी वाट मोकळी होती, त्या वाटेनं गुरूंनी तिला पुढे नेलं.

गंमत अशी की वेदान्ताच्या मूळ ग्रंथात ही अडचणच नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो आणि दोघी बायकांना संपत्ती वाटून द्यायला बसतो, तेव्हा मैत्रेयी विचारते, 'येनाहं नामृता स्यां किमहं तेन कुर्याम्'. ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? मग तो तिला जे सांगतो, त्यावर आजही वेदान्ताचे वर्ग चालतात. भर सभेत त्याच याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न टाकणारी गार्गीही तिथेच आहे. म्हणजे उपनिषदांत बाई विचारते, ऐकते, वादही घालते. नंतर कधीतरी तिच्यापुढे दार लावून घेतलं गेलं. आपल्या बहिणाबाई शिऊरकरांनी सतराव्या शतकात नेमकं याच दाराशी उभं राहून विचारलं होतं, की बाईचा देह घेऊन आल्यावर परमार्थाची सोय लावायची तरी कशी? आणि एवढ्यावर न थांबता जन्मावरून ब्राह्मण ठरत नाही असं सांगणारी 'वज्रसूची' त्यांनी मराठीत आणली. विसाव्या शतकात साकोरीला गोदावरी मातांच्या कन्या वेदमंत्र म्हणत यज्ञ करू लागल्या, तेही याच दारातून आत शिरणं होतं. असो. बंगालात परत जाऊ.

श्रीभारती काशीला गेल्या आणि तिथे सत्तावीस वर्षं राहिल्या. जप, ध्यान, अभ्यास. या सत्तावीस वर्षांवर सांगण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि चरित्र लिहिणाऱ्याची इथेच पंचाईत होते. व्याख्यानं नाहीत, शिष्यांचा गोतावळा नाही, ग्रंथ नाही. मठ कधी निघेल याची वाट पाहत त्या बसल्या होत्या असंही वाटत नाही.

मग सारदादेवींची जन्मशताब्दी आली. 1953 च्या डिसेंबरात बेलूरला काहीजणींना ब्रह्मचर्यदीक्षा दिली गेली. 2 डिसेंबर 1954 रोजी दक्षिणेश्वरला गंगेकाठी श्रीसारदा मठ सुरू झाला. आणि त्याची धुरा घ्यायला काशीला बोलावणं गेलं, ते श्रीभारतींना. विवेकानंदांच्या पत्राला साठ वर्षं झाली होती आणि बाईंचं वयही साठच होतं. आपल्याकडे हे निवृत्तीचं, नातवंडांचं वय.

1 जानेवारी 1959. सारदादेवींची जन्मतिथी, आपल्या पंचांगानुसार मार्गशीर्ष वद्य सप्तमी, त्या वर्षी याच तारखेला आली होती. रामकृष्ण संघाचे अध्यक्ष स्वामी शंकरानंद यांनी श्रीभारतींना आणि त्यांच्या सहकारी ब्रह्मचारिणींना वैदिक विधीनं संन्यास दिला. श्रीभारतींची प्रव्राजिका भारतीप्राणा झाली. पारुल, सरला, श्रीभारती, भारतीप्राणा: एका बाईला चार नावं, आणि त्यांतली पहिली सोडता बाकीची घर सोडल्यावरची.

माझ्या मते याहून मोठी घटना त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घडली. बेलूर मठानं सारदा मठ पूर्णपणे स्वतंत्र केला. सल्लागार मंडळ नाही, देखरेख नाही. बायकांचे प्रश्न बायकांनीच सोडवावेत, पुरुषांनी त्यांत नाक खुपसू नये, असं विवेकानंद सांगत आले होते. ते शब्दशः पाळलं गेलं. आपल्याकडे स्त्रियांच्या नावानं निघालेल्या किती संस्थांत विश्वस्त मंडळाच्या खुर्च्या पुरुषांकडे असतात, ते आठवून बघा. पुढच्या वर्षी, 1960 साली, शाळा-दवाखान्यांची कामं चालवायला रामकृष्ण सारदा मिशनही निघालं. निवेदितांची ती बागबाजारातली शाळा आज याच मिशनकडे आहे.

तेव्हापासून इथल्या मुलींना ब्रह्मचर्य देणाऱ्या आणि संन्यास देणाऱ्या त्यांच्याच ज्येष्ठ माताजी. आलेली मुलगी लगेच भगवी होत नाही. आधी काही वर्षं उमेदवारी, मग पांढऱ्या साडीतलं ब्रह्मचर्य, पुन्हा काही वर्षं जाऊ द्यायची, मग संन्यास. गीता, उपनिषदं, संस्कृत, विवेकानंदांचे ग्रंथ यांचा अभ्यास होतो, आणि स्वयंपाकघर, शाळा, रुग्णसेवा यांतून कुणाची सुटका नाही. इंग्रजीत 'संवित्' आणि बंगालीत 'निबोधत' ही नियतकालिकं मठ काढतो. सिडनीलाही केंद्र आहे, तिथल्या संन्यासिनी ऑस्ट्रेलियात वेदान्त शिकवतात.

दक्षिणेश्वरातच मठाची आणखी एक जागा आहे, रसिक भिटा. भिटा म्हणजे आपलं घरठाण. कालीमंदिरात झाडूकाम करणाऱ्या रसिकचं ते घरठाण. जातीचा अहंकार जावा म्हणून रामकृष्णांनी रात्री गुपचूप जाऊन रसिकची मोरी आपल्या वाढलेल्या केसांनी पुसली, असं सांगतात. ती जागा संन्यासिनींकडे यावी, हे मला फार जुळणारं वाटतं.

भारतीप्राणा 30 जानेवारी 1973 रोजी गेल्या. त्यांच्यानंतर मोक्षप्राणा, श्रद्धाप्राणा आणि भक्तिप्राणा अध्यक्ष झाल्या. यातल्या भक्तिप्राणाही मूळच्या नर्स. टॉलीगंजच्या मातृभवन रुग्णालयात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, आणि 2022 च्या डिसेंबरात एकशे दोन वर्षांच्या होऊन गेल्या. थर्मामीटर झटकून पारा खाली आणायची सवय असलेल्या दोन बाया एकाच आसनावर बसून गेल्या.

पुढच्या खेपेला मी आधी सारदा मठात गेले. तुम्हालाही जायचं असेल तर मंदिराच्या बाहेर टोटो उभे असतात, म्हणजे आपल्या ई-रिक्षा. 'सारदा मठ' एवढंच सांगा. एखादा तरुण टोटोवाला तुम्हाला बेलूरच्या नावेकडेच नेऊ लागेल. त्याला सांगायचं, तो नाही रे बाबा, अलीकडचा. माताजींचा.

नमस्कार.