नेट नेमकं कुठे अडलंय?

नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर सुरू होतो, पण नेट येत नाही. अशा वेळी पुष्कळ घरांत पहिला हात जातो तो राउटरच्या मागच्या बारीक भोकाकडे. टाचणी घालायची आणि रिसेट करायचं. तो हात आधी आवरा. ते बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की राउटर कोरा होतो. नेटवाल्याने त्यात भरलेलं लॉगिनचं युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात. मूळ दोष किरकोळ असला तरी मग त्यांचा माणूस येईपर्यंत घरातले सगळेच फोन नेटविना. राउटर बंद करून पुन्हा चालू करणं ही वेगळी गोष्ट, ते खुशाल करा. विजेचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं द्या.

त्याने भागलं नाही तर शोधाला लागायचं. बाहेरून फायबर येते ती डब्यात, तिथून राउटर, मग वायफाय किंवा केबल, मग कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड आणि शेवटी विंडोज. यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलंय हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. आधीच चार ठिकाणी बदल केले असले की मूळ दोष कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पहिली चाचणी मोबाइलची. फोन घरच्या वायफायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि एखादी साइट उघडा. डेटा बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर फोन सिमवरून नेट घेतो आणि आपली दिशाभूल होते. फोनवर नेट चालत असेल तर दोष बहुधा कॉम्प्युटरकडचा. फोनवरही नसेल तर कॉम्प्युटर सोडा आणि फायबरचा डबा बघा.

डब्यावर पॉन (PON) आणि एलओएस (LOS) असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून पुरेसा प्रकाशच पोचत नाही. कपाटामागे ती दबली आहे का, कोपऱ्यात काटकोनात मुडपली आहे का, ते पाहा. आत काचेचा धागा असतो, तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. मोठं, मोकळं वळण द्या. टोक उपसू नका. काढलंच गेलं तर त्याला बोट लावू नका आणि डोळ्यांसमोर तर मुळीच धरू नका, कारण आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही. तरीही लाल असेल तर तक्रार करताना ‘नेट बंद आहे’ एवढंच न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा. म्हणजे लाइन दुरुस्त करणारा माणूस येतो. पॉन हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल तर लॉगिन होत नाहीये. तेव्हा आधी रिचार्ज संपलाय का ते बघा.

आता कॉम्प्युटर. केबल असेल तर टोकाची क्लिप खटकन बसली पाहिजे आणि पोर्टचा दिवा लागला पाहिजे. क्लिप तुटलेली केबल दिसायला बसलेली असते, पण हलली की सुटते. वायफाय असेल आणि फोनला दिसणारं नाव कॉम्प्युटरला दिसत नसेल, तर जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असू शकतं. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याला दिसणारच नाही.

जोडणी दिसते तरी नेट नाही, तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘सीएमडी’ (cmd) टाइप करा आणि काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने तो स्वतःच घेतलाय. केबल किंवा वायफायची जोडणी काढून पुन्हा करा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर खाली लिहिलेल्या डिफॉल्ट गेटवेला पिंग करा, म्हणजे त्याच खिडकीत ping लिहून पुढे तो पत्ता टाइप करा आणि उत्तर येतं का ते बघा. तो राउटर असतो. उत्तर आलं तर राउटरपर्यंतची वाट मोकळी. मग ८.८.८.८ ला पिंग करा. तिथूनही उत्तर आलं, पण साइटच्या नावाने पिंग केल्यावर ‘होस्ट सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर नेट चालू आहे, फक्त नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

सगळे पिंग ठीक, तरी ब्राउझर अडतो, असंही होतं. तेव्हा दोन जागा बघा. एक प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरचं नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वळवणारी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमधली सोय: व्हीपीएन किंवा तसलं सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही प्रॉक्सीचं बटण चालूच राहतं. ते बंद करा. दुसरी जागा फार थोड्यांना सुचते, ती म्हणजे तारीख. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागे गेली की ते प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेलं नसतं, आणि साइटमागून साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते. जुन्या डेस्कटॉपमध्ये हे वारंवार होत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक वेळा तो सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. वीजजोडणी काढूनच तो बदला.

विंडोजमधलं ‘नेटवर्क रिसेट’ अगदी शेवटी करा. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि हाताने भरलेले पत्ते जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवा. आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच दिसत नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, असू शकतो. तो उतरवायला नेट कुठून आणायचं? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या, पण डेटाही वाहणाऱ्या केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोज त्याला बहुतेक वेळा आपोआप ओळखतं, आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून योग्य ड्रायव्हर घेता येतो.