संविधानकारांचं किती ऐकायचं?

अध्यक्षमहाराज आणि बडोदेकर मित्रहो,

हा विषय मी स्वतः मागून घेतला. संविधान लिहिणाऱ्यांना आज किती मान द्यायचा? हार घालण्याचा मान मला अभिप्रेत नाही. एखाद्या कलमाचा अर्थ लावताना, ते ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात काय होतं याला वजन किती द्यायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

बडोद्याला ही माणसं परकी नाहीत. १९१७ साली बाबासाहेब इथे नोकरीला आले, त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि पुढे कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांना अश्रू कसे आवरले नाहीत ते तुम्हाला मी सांगायला नको. हंसाबेन मेहता संविधान सभेत होत्या, आणि १९४९ साली आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात ‘सारे पुरुष’ असाही अर्थ निघेल असा शब्द होता. तिथे ‘सारी माणसं’ हवं म्हणून त्या अडून बसल्या आणि तसं करून घेतलं. एका शब्दासाठी असं भांडणारी माणसं जे लिहितात ते सहज बाजूला सारता येत नाही. हा माझा पक्ष तुम्हाला आधीच कळावा.

आता एक गोष्ट सांगतो. थोडी लांबेल, पण तिच्यावाचून मला पुढे बोलता येणार नाही.

मी एका वाचनालयाचा जुना सभासद. नाव सांगत नाही. आमच्याकडे एक बाई दर गुरुवारी पुस्तक बदलायला येत. यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, बडोद्याजवळच्या पादरा गावी राहायला गेल्या, तरी बसने येत राहिल्या. पिशवीत दोन पुस्तकं आणि पाण्याची बाटली. एके दिवशी त्यांना पत्र गेलं की सभासदत्व रद्द. का, तर संस्थेच्या घटनेत कलम आहे, सभासद शहराच्या हद्दीत राहणारा असावा. मी कार्यकारिणीकडे गेलो. उत्तर मिळालं, “संस्थापकांचा शब्द आहे, आपण कोण मोडणार?”

मला ते सहन होईना. कपाटातल्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. निम्म्या मोडीत. मोडी वाचणारे एक काका शोधले आणि महिनाभर त्यांच्याशेजारी बसलो. शेवटी ती सभा सापडली. एका सभासदाची बदली झाली, तो अकरा पुस्तकं घेऊन गेला, पत्रं पाठवूनही ती परत येईनात, म्हणून हे कलम घातलं होतं! संस्थापकांना पादऱ्याच्या माणसाचं वावडं नव्हतं. त्यांना पुस्तकं परत हवी होती. मी सुचवलं, अनामत रक्कम घ्या, प्रश्न मिटला. वार्षिक सभेत त्यावर उत्तर आलं, “कारण काही असो, शब्द तो शब्द.”

त्याच सभेत पुढच्या विषयाला मात्र संस्थापकांचं दुसरं कलम निघालं: वर्तमानपत्रांची खोली सर्वांना विनामूल्य खुली राहील. ती खोली भाड्याने द्यायची होती. तिथे तेच गृहस्थ म्हणाले, “काळ बदललाय.” अर्ध्या तासात संस्थापक देव्हाऱ्यातून माळ्यावर गेले. ठराव मंजूर झाला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मला अजून गुरुवारी त्यांची आठवण होते.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. ठीक आहे, मग मुद्द्यावरच येतो.

लिहिणारा हा कलमाचा मालक नव्हे, साक्षीदार आहे. त्याला ‘हुकूम काय’ विचारू नये, ‘कारण काय’ विचारावं. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी जेफर्सनचा उतारा दिला होता: प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्र, तिने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. लेखकच हे सांगतो, तेव्हा त्याच्या नावाने आपण स्वतःला कशाला जखडून घ्यायचं? पण म्हणून त्याचं कारण ऐकायचंच नाही, असंही नाही. त्याला ओलांडायचं तर उत्तर देऊन ओलांडावं.

दोन उदाहरणं, भराभर. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं कलम २१. त्यात अमेरिकेसारखी ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे कायदा न्याय्य आहे का हेही न्यायालयाने तपासावं, अशी शब्दयोजना करावी का, यावर डिसेंबर १९४८मध्ये वाद झाला. न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाईल ही भीती खरी होती, आणि ‘कायद्याने घालून दिलेली पद्धत’ एवढेच शब्द राहिले. १९५०च्या गोपालन खटल्यात न्यायालयाने तोच अर्थ धरला. मग आणीबाणी आली, माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली. १९७८मध्ये मेनका गांधी खटल्यात न्यायालयाने म्हटलं की ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवीही हवी. मला हे मान्य आहे. १९४८च्या भीतीला १९७५ ते ७७च्या अनुभवाने उत्तर दिलं होतं.

दुसरं न्यायाधीशांच्या नेमणुकांचं. २४ मे १९४९ला बाबासाहेब म्हणाले, सरन्यायाधीश थोर असतील, पण तेही माणूसच, तुमच्याआमच्यासारखे गुणदोष त्यांच्यातही. नेमणुकीत त्यांना नकाराधिकार देणं धोक्याचं. म्हणून ‘सल्लामसलत’ हा शब्द ठेवला. १९९३मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने त्या सल्ल्याला जवळजवळ संमतीचं बळ दिलं. सरकारचा हस्तक्षेप रोखायचा होता, ते मला समजतं. पण माणूसपणाच्या त्या शंकेला समाधानकारक उत्तर मला त्या निकालात सापडलेलं नाही. न्यायाधीश नेमण्यासाठी संसदेने केलेला नियुक्ती आयोग २०१५मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला, तेव्हाही नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. २४ मेच्या भाषणाच्या झेरॉक्स प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, चाळीसच आहेत, घरटी एक घ्या. ती आधी वाचा, मग १९९३चा निकाल वाचा, आणि ज्याला ते उत्तर सापडेल त्याने मला त्याच रात्री फोन करावा.