भिंत बुजवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

स्वयंपाकघराचे काम काढायचे ठरले, की आपण आधी टाइल्सचे रंग पाहतो आणि परवानगीचा विचार शेवटी करतो. नियम जागोजागी वेगळे असले, तरी सर्वसाधारणपणे रंग देणे, कपाटांची दारे बदलणे किंवा जुन्या नळाच्या जागी नवा बसवणे यांसाठी परवानगी लागत नाही. भिंत पाडणे, सिंकची जागा हलवणे, विजेची किंवा गॅसची नवी लाइन टाकणे यांसाठी मात्र ती बहुधा लागतेच. अर्जासोबत नकाशा द्यावा लागतो. ओट्याची उंची मात्र, माझे ठाम मत आहे, नकाशावर ठरवू नये. तिथे रोज उभे राहणाऱ्या माणसाच्या कोपरापासून मोजावी.

माझ्या घरच्या कामाचा परवाना रीतसर काढलेला होता आणि तपासणी होण्याआधी भिंत बुजवू नये, म्हणजे आतले पाइप आणि वायरी झाकू नयेत, अशी अट त्यात स्पष्ट लिहिलेली होती. तपासनीस सोमवारी येणार होते. शनिवारी गवंडी म्हणाला, "माल कालवलाय, वाया जाईल," आणि मी मान डोलावली. सोमवारी ओट्यामागे टाइल्स चकचकत होत्या. तपासनीस आवाज न चढवता म्हणाले, "झाकलेलं काम मला मंजूर करता येत नाही. उघडा." छिन्नीने दोन ओळी काढल्या, तेव्हा आत सिंकच्या पाइपपासून वीतभर अंतरावर दोन वायरी नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळलेली दिसली, जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींचा जोड बंदिस्त ठेवणारी डबी, नव्हता, आणि पाइपच्या सांध्यातून झिरपलेल्या पाण्याने टेप ओली झाली होती. मी बोट पुढे केले, तोच त्यांनी माझे मनगट धरले आणि आधी मेन स्विच बंद करायला लावला. त्याच जोडावर आमचा ३००० वॅटचा ओव्हन चालणार होता, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअरचा प्रवाह त्या ओल्या टेपखालून जाणार होता.

म्हणून पुन्हा सांगतो, भिंत बुजवण्याआधी तपासणी. गवंड्याचा माल वाया गेला तरी चालेल, पण भिंत बुजवण्याआधी तपासणी.

आमच्याकडे ती वायर जोड न देता सलग टाकली गेली, पाइपमध्ये दाबाने पाणी भरून सांधे तपासले गेले, आणि उघड्या भिंतीला मोजपट्टी लावून आम्ही फोटो काढले. आज खिळा ठोकायचा झाला, तरी आधी ते फोटो पाहतो.