बारा आठवड्यांनी पुन्हा

नमस्कार श्रोतेहो. माझी सगळी नोकरी रक्त तपासण्यात गेली. आज एपीएलए, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, या तपासणीबद्दल बोलायचं आहे, पण आधी एका बाईची हकिकत ऐका.

ती सासूबाईंबरोबर आली होती. भाजीच्या पिशवीत चार वर्षांचे रिपोर्ट, काही भिजून एकमेकांना चिकटलेले. जाता जाता सांगतो, घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाइल करा आणि कागद तारखेवार लावा. निम्मं निदान त्या फाइलीतच सापडतं.

तीन वेळा दिवस गेले होते, तिन्ही वेळा दहा आठवड्यांच्या आत गर्भ पडला होता. सासूबाईंनी पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. पहिल्या खेपेची व्हीडीआरएल नावाची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह. म्हणजे गरमीचा, सिफिलिस या गुप्तरोगाचा, संशय. त्या एका कागदापायी नवरा-बायको दोन वर्षं धड बोलत नव्हते. पुढची तपासणी कुणी केलीच नव्हती.

श्रोतेहो, व्हीडीआरएल गरमीचे जंतू शोधत नाही. ती कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं बनवलेली संरक्षक प्रथिनं, शोधते. त्या दुसऱ्या कारणानंही रक्तात असू शकतात. मी टीपीएचए केली, ती जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. निगेटिव्ह आली. नवऱ्याला बोलावून कागद हातात दिला. त्यानं तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, मग बायकोशेजारच्या स्टुलावर बसला. सून आली की दोष तिचाच, ही आपली सवय मला फार छळते.

मग एपीएलए पाठवली. यात तीन तपासण्या येतात: कार्डिओलिपिन अँटिबॉडी, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन अँटिबॉडी आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. तिसरीच्या नावावर जाऊ नका, त्याचा अर्थ होतो रक्त गोठू न देणारं. ट्यूबमध्ये या अँटिबॉडी रक्त गोठायला उशीर लावतात, शरीरात मात्र गुठळ्या करतात, आणि त्यांच्यामुळे गर्भही पडू शकतो. या तिसऱ्या तपासणीसाठी घोणशीचं विष पातळ करून वापरतात. होय, आपल्या बांधावरची घोणस! म्हणून म्हणतो, साप दिसला की काठी घेऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

तिची ल्युपस पॉझिटिव्ह, कार्डिओलिपिनही चढलेली. सासूबाई म्हणाल्या, "आता औषध सुरू करा." मी म्हटलं, "आजी, बारा आठवडे थांबा." साध्या तापानं, संसर्गानंही या अँटिबॉडी वर येतात आणि विरून जातात. म्हणून किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. पुन्हा सांगतो, एका रिपोर्टवर शिक्का नाही, बारा आठवड्यांनी दुसरा हवाच. आणि हेपॅरिन किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सॅम्पल देतानाच सांगा. त्या औषधांनी ल्युपसचा निकाल फसवा येऊ शकतो.

बारा आठवडे झाले. दुसराही पॉझिटिव्ह. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 साली ज्या आजाराचं वर्णन केलं, तोच हा, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि रोज पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन दिलं. सुनेचा हात थरथरायचा. नर्सकडून शिकून घेऊन ते इंजेक्शन रोज रात्री आठ वाजता सासूबाईच द्यायच्या, अगदी नवव्या महिन्यापर्यंत.