गाना ऐकायचा तर मयताच्या मांडवात

मागे ऐकू येतंय ना? बरं. चेन्नईचा गाना मयतातून सिनेमात आणि स्टेजवर कसा गेला, हे मी सांगणार आहे. शब्द हिंदीतूनच गेलाय, पण उत्तर चेन्नईत, व्यासरपाडी, पुलियंतोप, कासिमेडू भागात गाना म्हणजे दलित वस्त्यांतल्या कष्टकऱ्यांचं गाणं. हमाल, कोळी, रिक्षावाले यांचं.

मी तिथेच पेरांबूरला भाड्याने राहायचे तेव्हा मागच्या गल्लीतले एक ताता, म्हणजे आजोबा, गेले, हातगाडी ओढायचे. रात्री मांडवात काचेच्या पेटीत त्यांना ठेवलेलं आणि चार पोरं आली, एकाकडे ढोलक, एकाकडे नुसता पत्र्याचा डबा. गाणारा आधी म्हातारीजवळ बसला, ताता कुठे गाडी ओढायचे, काय खायचे, कुणावर चिडायचे, सगळं विचारून घेतलं, आणि अर्ध्या तासात ते सगळं गाण्यात! ताता बिड्या तांदळाच्या डब्यात लपवायचे ही ओळ आली तशी म्हातारी खुदकन हसली, आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. मला तमिळ अर्धंच कळायचं, शेजारची अक्का कानात अर्थ सांगत होती. पण गलीज, बेजार, दौलत हे शब्द चेन्नईच्या त्या बोलीतही आहेत, ते कळायला अक्का नको. हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं? हात वर करा. बघा, दोनच!

सकाळी घरमालक म्हणाले, हे संगीत नव्हे, गोंगाट. माझा खरा राग इथे आहे. त्याच शहरात डिसेंबरमध्ये कर्नाटक संगीताच्या सभांत अभंग गातात, अख्खा हॉल विठ्ठल विठ्ठल म्हणत टाळ्या धरतो, मलाही भरून येतं. पण अभंग लिहिणाऱ्या चोखोबांना पंढरपूरच्या देवळात घेतलं नव्हतं हे आपण विसरायचं का? मेलेल्या माणसाचं नाव, त्याचं काम, त्याची खोड गाण्यात ठेवणं याच्याहून मोठं काम गाण्याने काय करायचं?

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर पटकन. नव्वदीत देवा या संगीतकाराने गाना सिनेमात रुळवला, 2006 मध्ये गाना उलगनाथन यांचं माशांच्या लग्नाचं गाणं सगळीकडे वाजलं, पण सिनेमात बहुतेक टवाळी आणि प्रेमभंगच उरला, मयत गळालं. मग 6 जानेवारी 2018 ला चेन्नईतच किल्पॉकला कास्टलेस कलेक्टिव्हचा पहिला कार्यक्रम झाला, दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी जमवलेला बँड, तिथे गाना आरक्षणावर, जातीवर उघड बोलला. त्यातली इसैवाणी, एरवी पुरुषच गाणार अशा या प्रकारातली बाई, 2020 मध्ये बीबीसीच्या 100 महिलांच्या यादीत आली. आणि ज्या वस्त्यांत हे गाणं वाढलं त्यांचं काय? पेरांबूरची बकिंगहॅम अँड कर्नाटिक ही कापडगिरणी 1996 मध्ये बंद पडली, शहरातल्या कितीतरी झोपडपट्ट्या उठवून माणसं लांब कण्णगी नगर, पेरुंबाक्कमच्या इमारतींत नेऊन टाकली. गल्लीच नाही तर मांडव घालायचा कुठे, यावर मला अर्धा तास हवा होता.

असो. त्या रात्रीचं दीड मिनिट माझ्या फोनमध्ये आहे, म्हातारीला विचारून घेतलेलं. माइक जरा इकडे द्या. मध्ये कुत्रं भुंकतंय, तरी डब्याचा ठेका ऐका.